रक्त गेलं कुठे?

पत्र

डॉक्टरबाई, नमस्कार.

आम्ही गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले. बाबा ६६ वर्षांचे, खाणीवरच्या नोकरीतून निवृत्त. गावच्या देवळात भजनाला पेटी वाजवतात, चाळीसेक वर्षं वाजवतायत. गेल्या वर्षी सप्ताहात भाता मारता मारता त्यांना दम लागला. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८ च्या खाली. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. थोडं वाढलं, परत उतरलं, परत गोळ्या. आठ महिने असेच गेले. शेवटी दुसरीकडे दुर्बीण घालून बघितलं तेव्हा मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला कॅन्सर निघाला. गेल्या महिन्यात ऑपरेशन झालं. रिपोर्टवर टी ३, एन १ असं आहे. १८ गाठी तपासल्या, त्यातल्या २ मध्ये सापडला. स्कॅनमध्ये लिव्हर आणि फुप्फुसं साफ आहेत. आता केमो सांगितलीय.

पोटात एकदाही दुखलं नाही, परसाकडला रक्त दिसलं नाही, मग कळलं कसं नाही? हा आजार शरीरात नेमकं करतो काय? केमोने काय होईल? मी ३८, दादा ४३, आम्हाला धोका आहे का? आत्याला मागे गर्भाशयाचा कॅन्सर झाला होता, पण तो वेगळा ना?

आणि एक. बाबांना आम्ही ‘आतड्यात अल्सर होता, काढला’ एवढंच सांगितलंय. आई म्हणते, खरं कळलं तर खचतील. केमोला ‘ताकदीचं सलाईन’ म्हणायचं ठरलंय. बरोबर करतोय ना?

— एक मुलगी

उत्तर

प्रिय मुली,

शेवटचा प्रश्न तू उठता उठता विचारल्यासारखा विचारलायस. मला तोच सगळ्यांत मोठा वाटला. पण तिथवर जायची वाट आतड्यातूनच आहे, तेव्हा थोडा धीर धर.

आधी माझी एक जुनी चूक सांगते. नोकरीच्या सुरुवातीला मी खेड्यातल्या आरोग्य केंद्रात होते. तिथे एक रेंदेर, म्हणजे माडावर चढून सूर काढणारा, यायचा, पन्नाशी उलटलेला. तक्रार एकच: ‘बाई, अर्द्या माडार दम लागता.’ पापणी उलटून बघितली तर आतून पांढरीफटक. अनवाणी फिरणारा माणूस, पोटात जंत असणार, असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. जंताची गोळी दिली, लोहाच्या गोळ्या दिल्या. रक्त वाढलं. तोही खूश, मीही खूश. पुढच्या पावसाळ्यात तो आला तेव्हा बेंबीच्या उजवीकडे, खाली, हाताला चांगला लिंबाएवढा गोळा लागत होता. त्याला कधी पोटात दुखलं नव्हतं, कधी रक्त दिसलं नव्हतं. तुझ्या बाबांची गोष्ट आणि ही, दोन्ही एकच आहेत.

पुरुषाच्या किंवा पाळी थांबलेल्या बाईच्या शरीरातलं लोह कमी निघालं, तर गोळ्यांची चिठ्ठी लिहायच्या आधी विचारायचं असतं की रक्त गेलं कुठे. मी विचारलं नाही. बाबांच्या पहिल्या डॉक्टरांनीही विचारलं नाही. तू त्यांच्यावर चिडली आहेस हे पत्रात लिहिलेलं नाही, तरी दिसतंय. चिडायला कारण आहे. स्वतःवर मात्र चिडू नकोस. हिमोग्लोबिनचा कागद वाचणं हे तुझं काम नव्हतं.

आता ते रक्त कसं गेलं ते बघू. मोठं आतडं म्हणजे साधारण दीड मीटरची नळी. पोटाच्या उजव्या कोपऱ्यात खाली, जिथे अपेंडिक्स लोंबतं, तिथे ती सुरू होते, वर यकृतापर्यंत चढते, आडवी डावीकडे जाते, मग खाली उतरून, एक नागमोडी वळण घेऊन गुदाशयात संपते. लहान आतड्यातून रोज दीडेक लिटर पातळ माल तिच्यात पडतो आणि वाटेत त्यातलं बहुतेक पाणी शोषलं जातं. म्हणजे उजवीकडे असते ती आपल्या सकाळच्या पेजेसारखी पातळ गोष्ट, आणि डावीकडे पोचेपर्यंत तिचा घट्ट मळ होतो. शिवाय उजवीकडची नळी चांगली रुंद असते. तिथे गाठ वाढली तरी पातळ माल तिच्या बाजूने निवांत वाहत राहतो. काही अडत नाही, म्हणून काही कळतही नाही.

दुखत का नाही? आतड्याच्या आतल्या अस्तराला कापल्याचं, भाजल्याचं दुःख कळतच नाही. ते ताणलं गेलं, फुगलं, तरच कळ येते. दुर्बिणीतून आतला कोंब कापून काढतात तेव्हाही पेशंटला कापल्याचं कळत नाही ते याचमुळे. तेव्हा ‘बाबा सहन करत राहिले, बोलले नाहीत’ असं तुला वाटत असेल तर तसं नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच.

गाठीचा पृष्ठभाग मात्र कच्चा असतो, जरा घासलं की पाझरतो. पाझर किती? इथे एक छोटा हिशेब कर. एक मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. रोजच्या जेवणातून शरीर उचलतं ते जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम. आता रोज चहाचे दोन चमचे, म्हणजे दहा मिलिलिटर रक्त पाझरलं, तर पाच मिलिग्रॅम लोह गेलं. आवक दोनाची आणि खर्च पाचाचा. सुरुवातीला शरीर साठवणीतलं लोह काढून भागवतं, त्यामुळे महिनोन्‌महिने काही जाणवत नाही. साठा संपला की हिमोग्लोबिन उतरायला लागतं. ऑक्सिजन वाहून नेणारं तेच. ते पुरुषात १३ च्या खाली गेलं की कमी धरतात. बाबांचं ८ च्याही खाली होतं. मग हृदय दुप्पट धावून कमतरता भरून काढायला बघतं. सप्ताहात पेटीवर बसलेल्या माणसाला दम लागला, त्याचं कारण फुप्फुसात नव्हतं, हातातही नव्हतं. ते त्याच्यापासून दोन वीत खाली, पोटात होतं.

आणि ते दोन चमचे दिसले का नाहीत? पेजेत दोन चमचे रक्त मिसळून दीड मीटर फिरवलं तर शेवटी काय दिसणार? रंग थोडा काळपट होतो, इतकंच. त्यात लोहाच्या गोळ्यांनीही मळ काळा होतो. म्हणजे जी एक खूण दिसली असती, ती औषधानेच झाकली. वर गोळ्यांनी हिमोग्लोबिन थोडं वाढतं, सगळ्यांना वाटतं उपाय लागू पडला. गळक्या टाकीत वरून पाणी ओतत राहिलं तर पातळी वाढल्यासारखी दिसतेच की.

हीच गाठ डावीकडे असती तर वेगळी वागली असती. तिथे नळी अरुंद, माल घट्ट. मग सवय बदलते: कधी चार दिवस बद्धकोष्ठ, कधी जुलाब, मळाची धार बारीक होते. गुदाशयाजवळ असली तर परसाकडला जाऊन आलं तरी पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही, पुन्हा जावंसं वाटतं. रक्त लाल दिसतं, आणि ते दिसलं की आपल्याकडे घरातलं सगळ्यांत मोठं माणूस निकाल देतं: मूळव्याध. मग गावठी औषध, मग जाहिरातीतलं औषध, मग लाजेपोटी गप्प बसणं. मूळव्याध असतेही बऱ्याच जणांना, पण मूळव्याध आहे म्हणून वर दुसरं काही नाही असं होत नाही. हे तुझ्या बाबांना लागू नाही, तुझ्या दादाला आणि वाचणाऱ्या बाकीच्यांना आहे. आणि पोट टम्म फुगलं, उलट्या होताहेत, वाराही सरत नाही, असं झालं तर वाट अडलीय. मग सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं.

आठ महिन्यांबद्दल. बहुतेक वेळा हा आजार अस्तरावरच्या एका छोट्या कोंबापासून सुरू होतो. त्याला पॉलिप म्हणतात. सगळे कोंब बिघडत नाहीत, पण जो बिघडतो त्याला कॅन्सर व्हायला बहुधा दहाएक वर्षं लागतात. म्हणजे बाबा नोकरीत असतानाच, कदाचित, तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी तिथे बसलेलं होतं. आठ महिन्यांनी काहीच बिघडलं नाही असं मी म्हणणार नाही. पण हा आजार त्या आठ महिन्यांत जन्मला नाही.

आता रिपोर्ट. आतड्याची भिंत थरांची असते: आत अस्तर, त्याखाली मऊ थर, मग स्नायू, मग बाहेरचं आवरण आणि चरबी. टी ३ म्हणजे गाठ स्नायूचा थर ओलांडून बाहेरच्या चरबीत पोचली होती. एन १ म्हणजे एक ते तीन लसिकाग्रंथींत पेशी सापडल्या. या ग्रंथी म्हणजे पत्रादेवीच्या चेकनाक्यासारख्या: आतड्याकडून येणारं सगळं तिथे थांबवून बघितलं जातं. किमान १२ ग्रंथी तपासल्या तरच निकालावर विसंबता येतं. तुमच्याकडे १८ तपासल्यात, म्हणजे सर्जनने आणि पॅथॉलॉजीवाल्यांनी काम नीट केलंय. दोन नाक्यांवर माणसं सापडली, पुढे गावात कोणी दिसत नाही. याला तिसरी पायरी म्हणतात. ही पायरी बरी करण्याच्या इराद्याने उपचार करण्याची आहे, नुसतं लांबवण्याची नाही. हे वाक्य आईला वाचून दाखव.

स्कॅनमध्ये सगळे आधी लिव्हरच का बघतात, असा प्रश्न तुला पडला असेल. वाळवंटी आणि खांडेपार जशा मांडवीला मिळतात, तसं आतड्याच्या सगळ्या शिरांचं रक्त एका मोठ्या शिरेत जमतं, आणि ती शीर हृदयाकडे न जाता आधी यकृतात शिरते. जेवणातलं जे जे शोषलं, ते यकृताने आधी तपासावं अशी निसर्गाची योजना. कॅन्सरच्या सुट्या पेशीही त्याच पाण्याबरोबर वाहतात आणि तिथेच अडकतात. यकृत सोशिक असतं, बराच भाग व्यापला जाईपर्यंत तक्रार करत नाही. मग भूक मरते, कावीळ दिसते. आजार पोटाच्या पडद्यावर पसरला तर पोटात पाणी भरतं. बाबांच्या स्कॅनमध्ये यातलं काही नाही. पण स्कॅनला दिसायला ठिपका काही मिलिमीटरचा तरी व्हावा लागतो, सुट्या पेशी दिसत नाहीत. त्या असल्याच तर मारायच्या, एवढ्यासाठी केमो. ऑपरेशननंतर साधारण आठ आठवड्यांच्या आत ती सुरू व्हावी, म्हणून चवथ होऊ दे, मग बघू, असं करू नका.

बाबा बारीक झाले असतील. ‘जेवत नाहीत म्हणून’ हे अर्धंच खरं. कॅन्सरमुळे शरीरभर एक मंद दाह चालू राहतो आणि त्यात स्नायूच वितळायला लागतात. भूकही त्यानेच मरते. म्हणून नुसता भात-पेज वाढवून उपयोग नाही. मासे, अंडी, हळसांद्यांचं (चवळीचं) तोणाक, दही, जे रुचेल ते थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. साखर बंद केली की कॅन्सर उपाशी मरतो असं कोणीतरी सांगेलच. शरीर भाताचीही साखर करतं आणि उपाशी ठेवलं तर स्नायूंचीही. मरतो तो पेशंट. याहून जास्त या विषयावर लिहायची माझी इच्छा नाही.

एक मात्र लक्षात ठेव: या आजारात रक्त गोठण्याकडे झुकतं. एकाच पायाला सूज आली, पोटरी दुखायला लागली, किंवा एकाएकी दम लागला, तर तो थकवा समजू नका, त्याच दिवशी दाखवा. दुसऱ्या मतासाठी मुंबईला परळला टाटात जायचं मनात असेल, तर कोकण रेल्वेच्या दहा-बारा तासांत त्यांना दर तासाला डब्यात चार फेऱ्या मारायला लावा.

ऑपरेशनने काय बदललं तेही सांगते, कारण ते कोणी सांगत नाही आणि घरी आल्यावर माणूस घाबरतो. लहान आतडं जिथे मोठ्याला मिळतं तिथे एक झडप असते. आपल्या खाजनातली मानस तू बघितली असशील: ओहोटीला दार उघडतं, भरती आली की पाण्याच्या दाबानेच मिटतं, खारं पाणी शेतात शिरत नाही. ही झडप तेच काम करते, पुढे जाऊ देते, मागे येऊ देत नाही. उजवी बाजू काढताना ही मानसही जाते. त्यामुळे सुरुवातीला पातळ होणं, दिवसातून तीन-चार वेळा जावं लागणं हे साहजिक आहे. पुष्कळांचं काही महिन्यांत स्थिरावतं. नाही स्थिरावलं तर सांगा. पित्तरस पुरेसा शोषला न गेल्यामुळे होणाऱ्या जुलाबावर औषध आहे. लहान आतड्याचा शेवटचा तुकडा जास्त काढला असेल तर बी १२ वर्षातून एकदा तपासा. लोह किती भरून निघालं तेही विचारा. आता गळती थांबलीय, आता गोळ्यांना अर्थ आहे.

आता केमो. बाबांसारख्या पेशंटला बहुधा कॅपॉक्स देतात: दर तीन आठवड्यांनी ऑक्झॅलिप्लॅटिनचं सलाईन आणि त्याच्याबरोबर पहिले दोन आठवडे कॅपेसिटाबिनच्या गोळ्या. गोळ्यांनी तळहात-तळपाय लाल होतात, सोलवटतात. रोज खोबरेल तेल हलक्या हाताने लावा, कढत पाण्यात हात घालू देऊ नका. नेहमीपेक्षा चार-पाच जुलाब जास्त झाले तर पुढची गोळी देण्याआधी फोन करा. ताप १००.४ वर गेला तर पॅरासिटामॉल देऊन वाट बघत बसायचं नाही, रात्र असली तरी बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल नाहीतर जे जवळ असेल ते गाठायचं. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात तेव्हा साधा ताप साधा राहत नाही.

ऑक्झॅलिप्लॅटिनची तऱ्हा मात्र विचित्र आहे. त्याला थंडी चालत नाही. सलाईननंतरचे काही दिवस गार वस्तूला हात लागला की बोटांत वीज खेळल्यासारखं होतं, गार घोट घेतला तर घसा आवळल्यासारखा वाटतो. श्वास अडकला असं वाटून माणूस घाबरतो, अडकलेला नसतो. फ्रीजमधलं पाणी नाही, फ्रीजमधली सोलकढी नाही, बाजारातून आणलेले बर्फातले बांगडे त्यांनी पिशवीतून काढायचे नाहीत. सगळं कोमट. ही थंडीची तक्रार प्रत्येक वेळी ओसरते. पण सलाईनं जसजशी वाढत जातात तसतसा दुसरा त्रास साचत जातो: बोटांची टोकं आणि तळवे बधिर होतात. शर्टाचं बटण लागत नाही, नाणं उचलत नाही. काहींचं पुढे वर्षभरात सुधारतं, काहींचं कायम राहतं.

तुझे बाबा पेटी वाजवतात. तू हे ओळखीपुरतं लिहिलंस, पण माझ्या लेखी रिपोर्टमधल्या टी ३ इतकीच ही माहिती महत्त्वाची आहे. कारण इथे निवड करता येते. २०१८ साली सहा मोठ्या चाचण्यांतल्या १२,८३४ रुग्णांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रश्न हा होता, की सहा महिन्यांची केमो तीनवर आणली तर चालेल का? तिसऱ्या पायरीतल्या कमी जोखमीच्या गटात, म्हणजे टी ३ पर्यंत आणि एन १, कॅपॉक्स तीन महिने दिली काय आणि सहा महिने दिली काय, आजार न उलटण्याचं प्रमाण जवळजवळ सारखंच आलं, आणि बधिरपणा तीन महिन्यांत बराच कमी. बाबांचा रिपोर्ट कागदावर त्याच गटात बसतो. तीन महिने पुरतील का, हे त्यांचे कॅन्सरतज्ज्ञ बाकीचा रिपोर्ट बघून ठरवतील, मी इथून ठरवणार नाही. पण त्यांना हे विचारलं पाहिजे, आणि विचारताना सांगितलं पाहिजे, की या माणसाला बोटं हवी आहेत.

आत्याकडे वळते. तू म्हणतेस, तो वेगळा ना? नसेलही वेगळा. पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल होते, नकलेत चुका होतात, आणि त्या दुरुस्त करणारी काही जनुकं असतात. त्यातलं एक जन्मतःच बिघडलेलं असेल तर त्या घरात मोठ्या आतड्याचा आणि गर्भाशयाचा कॅन्सर पुन्हा पुन्हा दिसतो. आतड्याचा असला तर बऱ्याचदा उजवीकडे. लिंच सिंड्रोम म्हणतात त्याला. ६६ हे त्यासाठी उशिराचं वय आहे, त्यामुळे शक्यता फार मोठी नाही, पण भाऊ-बहीण, आतडं-गर्भाशय, उजवी बाजू, हे तिन्ही एकत्र आल्यावर मी तरी सोडून दिलं नसतं. ऑपरेशनमध्ये काढलेल्या तुकड्यावरच ‘एमएमआर’ नावाची तपासणी होते. झालीय का विचारा; झाली नसेल तर तुकडा लॅबमध्ये जपून ठेवलेला असतो, आताही होईल. केमोची पहिली तारीख यायच्या आत विचारा, कारण औषधाची निवडही तिच्यावर बदलू शकते. आत्याला कितव्या वर्षी झाला होता, आजोबांकडे कोणाला होता का, हेही लिहून न्या.

ती तपासणी व्यवस्थित आली, तर तुम्हा भावंडांसाठी नियम सोपा आहे: जवळच्या नातेवाइकाला झाला त्या वयाच्या दहा वर्षं आधी किंवा चाळिसाव्या वर्षी, यातलं जे आधी येईल तेव्हा दुर्बिणीची तपासणी. तुला दोन वर्षं आहेत. दादाची वेळ होऊन गेलीय. तपासणीत बिघाड निघाला, तर मात्र आधी बाबांची जनुकीय चाचणी, आणि त्यात दोष सापडला तर तुम्हा प्रत्येकात तो असण्याची शक्यता निम्मी. मग वय बघत बसायचं नाही, लगेच. दादा कां-कूं करणार, मला माहीत आहे. त्याला सांग, दुर्बिणीचं काही नाही, गुंगीत कळतही नाही. खरा त्रास आदल्या रात्रीचा: ते खारट पाणी लिटरभर, पुन्हा लिटरभर, आणि रात्रभर संडासाच्या फेऱ्या. पण त्या एका रात्रीत कोंब सापडला तर तिथल्या तिथे निघतो, आणि जो निघाला त्याचा कॅन्सर होत नाही. जाता जाता त्याला हेही सांग, की सिगारेट आणि फेणी दोन्ही या आजाराला खतपाणी घालतात, आणि चोरीससारखं खारवून-धुरावून टिकवलेलं मांस २०१५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेच्या पहिल्या यादीत, म्हणजे कॅन्सर नक्की घडवणाऱ्या गोष्टींत, आहे. सणासुदीला खाल्लं म्हणून काही होत नाही. रोजच्या नाश्त्याला नको.

केमो संपल्यावर पहिली काही वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी आणि सीईए नावाची रक्तचाचणी, ठरावीक अंतराने स्कॅन, वर्षाने एकदा दुर्बीण. सीईए एकदा थोडा वाढला म्हणून झोप घालवू नका; तो सिगारेटनेही वाढतो. चढतच गेला तर बघायचं. आणि त्यांना चालायला लावा. २०२५ मध्ये ८८९ रुग्णांचा एक अभ्यास आला, केमोनंतर तीन वर्षं कोणीतरी पाठीशी लागून ठरवून व्यायाम करून घेतला. पाच वर्षांनी आजार न उलटलेले त्या गटात शेकडा ८० होते, नुसती माहितीपत्रकं दिलेल्या गटात ७४. औषधाच्या तोडीचा फरक आहे हा, आणि देवळापर्यंत चालत जायला पैसे पडत नाहीत. पैशांचं म्हणशील तर गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड नूतनीकरण केलेलं आहे ना, ते आजच बघ. चार किंवा जास्त माणसांच्या कुटुंबाला वर्षाला ४ लाखांपर्यंत आहे.

आता तो प्रश्न.

‘ताकदीचं सलाईन’ म्हणायचं ठरलंय. ठीक. पहिल्या सलाईननंतर हात गार पाण्याला लागून बोटांत वीज येईल तेव्हा काय सांगणार? ताकदीने तळहात का सोलवटले, म्हणून विचारतील तेव्हा? वॉर्डात शेजारच्या खाटेवरचा माणूस ‘तुमची कितवी केमो?’ म्हणून विचारेल, तो काही तुमच्या कटात सामील नाही. साठी उलटलेल्या माणसाला दुर्बीण घातली, आतडं कापलं, बांबोळीला नेऊन सलाईन लावलं, घरातली सगळी माणसं कुजबुजून बोलतायत, आणि त्याला काही कळलेलं नाही, असं खरंच वाटतं तुला? माझ्या अनुभवात अशा माणसांपैकी निम्म्यांहून जास्त जणांना सगळं ठाऊक असतं. ते घरच्यांना सांभाळण्यासाठी न कळल्यासारखं दाखवतात. म्हणजे तुम्ही त्यांना सांभाळताय, ते तुम्हाला, आणि एका घरात सगळे एकेकटे.

आईचं मात्र ऐकून घे. तिला भीती आहे ती त्यांच्या खचण्याची, आणि थोडी स्वतःचीही. तिला डावलून सांगू नकोस. आधी तिला बसवून सांग, की यात बरं करण्याचा इरादा आहे. मग बाबांशी बोलायला तिलाही बरोबर घे. सगळं एका दमात सांगायची गरज नाही. आधी विचार: ‘बाबा, तुम्हाला काय वाटतं, काय निघालं असेल?’ आणि मग गप्प बस. बराच वेळ गेला तरी गप्प बस. ते जे बोलतील तिथून पुढे चाल. कॅन्सर हा शब्द एकदा तरी स्पष्ट उच्चार, म्हणजे तो नंतर कोणाला गिळावा लागणार नाही. ‘मला जास्त सांगू नका, तुम्ही आणि डॉक्टर बघा’ असं ते म्हणाले, तर तोही त्यांचा निर्णय. मग तू बघ. पण आधी त्यांना विचारलेलं असलं पाहिजे.

कारण तीन महिने की सहा, हा प्रश्न डॉक्टरसमोर निघेल तेव्हा उत्तर कोण देणार? तू आणि दादा? चाळीस वर्षं ज्या बोटांनी पेटी वाजवली त्या बोटांचा सौदा, अल्सर झालाय असं समजणाऱ्या माणसाला कळवताच येणार नाही. कदाचित ते म्हणतील, ‘बोटं गेली तर गेली, मला नातवंडं बघायचीत.’ कदाचित म्हणतील, ‘जेवढं कमी करता येईल तेवढं करा, मला सप्ताहाला बसायचंय.’ मला यातलं कुठलं उत्तर येईल ते माहीत नाही, आणि तुलाही नाही.

पुढच्या तारखेला त्यांनाच पुढच्या खुर्चीवर बसव. तू मागे बस, वही घेऊन. थर्मासमध्ये कोमट पाणी आणि पातळ मोजे पिशवीत असू देत.

तुझी,
डॉक्टरबाई